आयरिस आणि डेलिली एकाच वाफ्यात: आधी मुळं बघा, मग फुलं

न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला टेकडीच्या पायथ्याशी प्रेस्बी मेमोरियल आयरिस गार्डन्स ही बाग आहे. फ्रँक प्रेस्बी हे अमेरिकन आयरिस सोसायटीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक, त्यांच्या स्मरणार्थ ती १९२७ मध्ये उभी राहिली. मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे हजारो आयरिस एकदम फुललेले असतात. जांभळे, पिवळे, तपकिरी, जवळजवळ काळे, दोनरंगी. मध्य न्यू जर्सीतल्या एडिसन-पिस्कॅटवेकडून तासाभराच्या आत पोचता येतं, आणि एकदा ते बघितलं की आपल्याही घरापुढे चार तरी लावावेत असं वाटणं अगदी साहजिक आहे.

लावावेतच. फक्त एक लक्षात ठेवायचं, आयरिसचा बहर तीन आठवड्यांचा. जूनच्या मध्यावर फुलं संपतात आणि वाफ्यात उरतात ती सरळ उभी टोकदार पाती. नेमक्या त्याच सुमाराला डेलिलीचे दांडे वर यायला लागतात. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत ती फुलते. तिचं एकेक फूल एकच दिवस टिकतं, पण एका दांड्यावर दहा-बारापासून तीस-तीसपर्यंत कळ्या असतात, म्हणून एक जोमदार झुडूप तीन-चार आठवडे सहज फुलत राहतं. दोन्हीही बहुवर्षायू, दोघांनाही भरपूर ऊन हवं, कडक थंडी दोघंही सोसतात. त्यामुळे गार्डन सेंटरमध्ये विचारलं तर हीच जोडी सुचवली जाते, आणि ती चांगली आहेच.

तरीही अशा कितीतरी वाफ्यांत तीन-चार वर्षांनी एकच चित्र दिसतं: डेलिली माजलेली, आणि आयरिस नुसत्या पानांवर आलेला किंवा कुजून गेलेला. मग लोक आयरिसला नाजूक ठरवतात. आयरिस मुळीच नाजूक नाही. वाफा फुलं बघून आखलेला असतो, मुळं बघून आखलेला नसतो, एवढंच कारण असतं.

बागांमधून सर्वांत जास्त दिसतो तो दाढीवाला आयरिस, म्हणजे ज्याच्या खाली झुकलेल्या पाकळ्यांवर मऊ केसांची झालर असते. त्याचा कंद हातात घेऊन बघा. आल्याचा गड्डा आणि हा, दोघांची घडण एकच: आडवा वाढणारा, पेरं असलेला, बोटभर ते मनगटाएवढा जाड. एका टोकाला पात्यांचा पंख्यासारखा पसरलेला फॅन, खालच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं. हा कंद म्हणजे मुळात खोड आहे. अन्न आणि पाणी तो स्वतःत साठवतो आणि जमिनीच्या पृष्ठभागावरच पसरतो. त्याची पाठ उन्हात तापलेली त्याला आवडते. आल्यासारखा तो खोल पुरला, तर तो फुलत नाही, आणि ओलीत राहिला तर सडतो.

त्याची आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. कंदाचा एक तुकडा आयुष्यात एकदाच फुलतो. मे महिन्यात ज्या टोकातून दांडा आला, त्या टोकातून पुन्हा कधी येणार नाही. त्याच्या दोन्ही कुशींतून नवे कोंब फुटतात आणि पुढच्या वर्षीचा बहर त्या कोंबांचा. म्हणून आयरिसचा ताटवा दरवर्षी बाहेरच्या बाजूला सरकतो आणि मधोमध जुन्या, थकलेल्या कंदांची गर्दी साचते. ती गर्दी काढली नाही तर फुलं कमी होत जातात.

आता डेलिली उपटून बघा. तिला असा कंद नाही. पानं आणि मुळं जिथे मिळतात तो एक छोटा घट्ट गाभा, आणि त्याखाली जाड, पांढरट, मधेमधे फुगलेल्या मुळ्यांचा मोठा जुडगा. हा गाभा मातीखाली साधारण एक इंच असावा लागतो. गाभ्याभोवती नवेनवे फॅन येत जातात, झुडूप गोल आणि रुंद होतं, आणि लांब पानं कमानीसारखी चारी बाजूंनी वाकून दोन-दोन फूट जागा व्यापतात.

म्हणजे एकाला पाठ उघडी हवी, दुसरीला गाभा झाकलेला हवा. हे नुसतं लावण्यापुरतं असतं तर काही बिघडलं नसतं. खरी अडचण जुलैत येते. फुलून झाल्यावर आयरिस भर उन्हाळ्यात विसावा घेतो आणि त्या काळात त्याला कोरडी, तापलेली जमीन हवी असते. डेलिलीच्या कळ्या त्याच वेळी भरत असतात आणि तिला आठवड्याला साधारण एक इंच पाणी लागतं. नाही मिळालं तर ती मरत नाही, पण कळ्या गळतात, फुलं लहान होतात. आपण बहरातल्या झाडाकडे बघून होज फिरवतो आणि शेजारी झोपलेल्या आयरिसच्या उशाशी पाणी साचतं.

त्यातून जिवाणूंची ओली कूज लागते. कूज लागलेला कंद ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. मधली पाती पिवळी पडून हातात येतात, कंद दाबला तर बोट आत जातं, आणि वास असा की एकदा घेतलेला विसरता येत नाही. कूज लवकर सापडली तर कंद वाचतो: मऊ भाग जुन्या चमच्याने खरवडून घट्ट पांढरा गर लागेपर्यंत काढायचा, जखम एक-दोन दिवस उघडी सुकू द्यायची, माती वर ओढायची नाही. चमचा आणि सुरी मात्र एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात बुडवून घ्यायची, नाहीतर तोच रोग आपणच पुढच्या कंदाला लावतो.

पाण्याइतकाच सावलीचा प्रश्न आहे, आणि तो पूर्णपणे एकतर्फी आहे. आयरिसची पाती उभी असतात, त्यांचा डेलिलीला काही त्रास नाही. डेलिलीची वाकलेली पानं मात्र जूनअखेर आयरिसच्या कंदावर अंथरुणासारखी पडतात. खाली ऊन नाही, वारा नाही, पहाटेचं दव दुपारपर्यंत वाळत नाही. वाफा आखताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही एक गोष्ट: डेलिलीला आयरिसवर झुकू द्यायचं नाही.

ते जमवायची पद्धत सोपी आहे. अमेरिकेत सूर्य दक्षिणेकडून असतो, म्हणून वाफ्याची दक्षिणेकडची कड आयरिसला द्यायची आणि त्याच्या मागे, उत्तरेला, डेलिली. जागेला उतार असेल तर उंचावरची बाजू आयरिसची, पाणी उतरून येतं ती डेलिलीची. उंच जातीच्या आयरिसमध्ये आपसात फूट-दीड फूट, डेलिलींमध्ये दीड ते दोन फूट, आणि या दोन ओळींच्या मधे निदान दोन फूट मोकळे सोडायचे. ऑगस्टमध्ये लावताना तो मधला पट्टा रिकामा, ओसाड दिसतो. तिथे काहीतरी खुपसायचा मोह होतो, आणि तिसऱ्या वर्षी त्याची किंमत मोजावी लागते. फारच डोळ्यात भरत असेल तर तिथे डॅफोडिलचे कांदे लावा. ते एप्रिलमध्ये फुलतात आणि जूनपर्यंत पानं वाळवून मोकळे होतात.

आयरिस लावताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा छोटा उंचवटा करायचा, कंद त्यावर ठेवायचा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडायची आणि माती घट्ट दाबायची. काम झाल्यावर कंदाची पाठ दिसली पाहिजे. रेताड जमिनीत किंवा फार कडक उन्हाच्या भागात अर्धा-एक इंच माती वर चालते, जर्सीच्या जड मातीत नको. आता दिशा. कंद फॅनच्या बाजूने पुढे वाढतो. त्यामुळे सगळ्यांचे फॅन डेलिलीकडे पाठ करून, वाफ्याच्या बाहेरच्या कडेकडे वळवून लावा. ताटवा सरकणारच आहे, तो कुठे सरकावा हे आपण त्या दिवशी ठरवतो.

सेंट्रल जर्सीत बऱ्याच ठिकाणी माती लालसर, चिकण आणि नव्या वसाहतींमध्ये बुलडोझरने दाबलेली असते. तिच्यात पाणी मुरत नाही, तळ्यासारखं उभं राहतं. तिथे वाफा सहा-आठ इंच उचलून घ्या आणि संपूर्ण वाफ्यात कंपोस्ट मिसळा. चिकण मातीत नुसती बारीक वाळू मिसळू नका, ती आणखी घट्ट बसते. मातीचा सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास असला की दोघंही खूश. खताच्या बाबतीत आयरिसला हात आखडता हवा: नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि कूज अशाच झाडाला धरते. लॉनचं खत म्हणजे जवळजवळ सगळं नत्रच, ते पसरताना वाफ्याच्या कडेला थांबायचं. वसंतात थोडं कमी नत्राचं खत आणि फुलून झाल्यावर पुन्हा थोडं, एवढं आयरिसला पुरतं. डेलिली कंपोस्टवर समाधानी असते.

मल्चचंही, म्हणजे मातीवर पसरायच्या लाकडाच्या ढलप्यांच्या किंवा पालापाचोळ्याच्या थराचंही, तेच. डेलिलीभोवती दोन इंच मल्च उत्तम, ओल टिकते. आयरिसच्या कंदावर एक मूठही नको. लँडस्केपिंगवाल्यांना वाफा करायला सांगितला असेल तर हे आधी बजावून ठेवा, कारण ते येतात तेव्हा अख्ख्या वाफ्यावर सरसकट पसरून जातात.

पाण्यासाठी माझं मत पक्कं आहे: मागच्या डेलिलीच्या ओळीला ठिबकची नळी टाका आणि पुढच्या ओळीला काही नाही. लॉनचा स्प्रिंकलर रोज पहाटे वाफ्यावरही उडत असेल तर त्याचं तोंड फिरवून घ्या. वरून पडणाऱ्या पाण्याने आयरिसच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोगही वाढतो. नळी नसेल तर होज डेलिलीच्या बुंध्याशी हळू सोडून ठेवा, आठवड्यातून एकदा, खोलवर. नवीन लावलेल्या आयरिसला मात्र मूळ धरेपर्यंत पहिले काही आठवडे पाणी द्यावं लागतं.

जाती निवडताना लोक रंगांच्या जुळवाजुळवीत फार वेळ घालवतात. या जोडीत त्याची गरजच नाही, कारण दोघं बहुधा एकत्र फुलतच नाहीत. उंची आणि वाढीची तऱ्हा बघा. डेलिलीच्या नोंदलेल्या जाती ऐंशी हजारांच्या वर आहेत, त्यात आयरिसशेजारी बुटक्या जाती बऱ्या, कारण त्यांची पानं लांबवर झुकत नाहीत. सगळीकडे दिसणारी पिवळी 'स्टेला दे ओरो' अशीच, जेमतेम फूटभर उंचीची. इंडियानातल्या वॉल्टर याब्लोन्स्की यांनी ती १९७५ मध्ये आणली आणि १९८५ मध्ये तिला डेलिलीतला सर्वोच्च मान, स्टाउट पदक मिळालं. हे पदक आर्लो स्टाउट यांच्या नावाचं. ब्रॉन्क्समधल्या न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांनी डेलिलीच्या संकराचं जे काम केलं, त्यावर आजच्या रंगीबेरंगी जाती उभ्या आहेत. स्टेला गॅस स्टेशनच्या कडेलाही दिसते म्हणून तिला नावं ठेवणारे आहेत. मला ती आवडते. एवढ्या थोड्या सेवेवर पुन्हा पुन्हा फुलणारी झाडं फार नाहीत.

रस्त्याकडेच्या चरांमधून वाढणारी नारिंगी डेलिली मात्र या वाफ्यात आणू नका, कुणी फुकट दिली तरी. ती मूळची आशियातली, बागांमधून निसटून अमेरिकाभर पसरलेली. तिला बी धरत नाही, पण जमिनीखालून धावणारी खोडं सोडत ती आयरिसच्या ताटव्यात आरपार घुसते. दोन्हींची गुंतलेली मुळं सोडवायची म्हणजे सगळं खणून काढावं लागतं.

आयरिसमध्ये दुसऱ्यांदा फुलणाऱ्या जाती मिळतात. पांढरा 'इमॉर्टॅलिटी' हा त्यातला जुना, भरवशाचा: मेमध्ये फुलतो आणि थंडी लवकर पडली नाही तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा. अशा जातींना दुसऱ्या बहरासाठी उन्हाळ्यात थोडं पाणी लागतंच, म्हणून डेलिलीच्या शेजाराला त्या इतरांपेक्षा जास्त मानवतात. 'थोडं' हा शब्द मात्र विसरू नका, निचरा त्यांनाही तितकाच हवा.

आणि जागा अशी असेल की पाणी वेगळं करताच येत नाही, माती जड आहे, वाफा सखल आहे, तर दाढीवाल्या आयरिसचा हट्ट सोडून सायबेरियन आयरिस लावा. याची पानं गवतासारखी बारीक, फुलं लहान आणि बांधेसूद, बहुतेक निळी-जांभळी-पांढरी. मुळं मातीखाली असतात, ओल आवडते, मल्च चालतं, आणि कूज व खोडकिडा दोन्हींचा त्रास बराच कमी. डेलिलीशी त्याचं पाणी, खत, माती सगळं जुळतं. फुलांचा झगमगाट दाढीवाल्याइतका नाही, पण ज्यांना आठवड्याच्या कामातून बागेला तासभरच देता येतो, त्यांना मी हीच जोडी सांगते.

खोडकिड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पूर्वेकडच्या आणि मिडवेस्टमधल्या राज्यांत आयरिसचा तो सर्वांत मोठा शत्रू. त्याचा पतंग शरद ऋतूत वाळक्या पानांवर अंडी घालतो. अंडी तिथेच हिवाळा काढतात. एप्रिल-मेमध्ये केसाएवढी अळी निघते, कोवळ्या पात्यात शिरते आणि आतून पोखरत खाली उतरते. पात्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्याखाली ओलसर, पारदर्शक रेघ दिसली की समजायचं. त्या रेघेच्या टोकाशी अळी असते. पातं दोन बोटांत धरून तिथे चिरडलं की काम झालं. जुलैपर्यंत ती कंदात पोचते, दीड-दोन इंच लांब गुलाबीसर होते, कंद पोखरते आणि त्या जखमेतूनच ओली कूज शिरते. बरेचदा कूज दिसते ती या अळीची पुढची पायरी असते.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. कडक फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडून गेल्यावर, नोव्हेंबरच्या सुमाराला, आयरिसची सगळी वाळकी पानं उचलायची. शेजारच्या डेलिलीची वाळून आयरिसवर लोळलेली पानंही उचलायची. कंपोस्टमध्ये न टाकता ती कचऱ्यात द्यायची. एवढं केलं की पुढच्या वर्षीची बरीच अंडी घराबाहेर गेली. फुलून झाल्याबरोबर हिरवी पाती कापून टाकायची सवय मात्र सोडा. तेव्हा फक्त फुलाचा दांडा काढायचा. पाती हिरवी आहेत तोवर ती पुढच्या वर्षीच्या कंदासाठी अन्न करत असतात.

पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हा वाफा जसाच्या तसा करायला जाऊ नये. दाढीवाल्या आयरिसला फुलण्यासाठी खरी थंडी लागते, ती आपल्याकडे पडत नाही, आणि त्याच्या विसाव्याच्या महिन्यांतच आपला पावसाळा कोसळतो. काश्मीरमध्ये तो छान फुलतो. तिथल्या कबरस्तानांत पांढरे-जांभळे आयरिस पिढ्यान्‌पिढ्या लावले जातात. महाराष्ट्रात सदाहरित जातीची डेलिली घ्यावी आणि तिच्या जोडीला वॉकिंग आयरिस. त्याचं नातं आयरिसच्या कुळाशीच, फुलं पिवळी, आणि उष्ण दमट हवा त्याला सोसते. उलट कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना आयरिस अगदी सोपा. उन्हाळा मुळातच कोरडा असल्याने पुढची ओळ आपोआप सांभाळली जाते, ठिबक फक्त डेलिलीला.

घरात मांजर असेल तर डेलिली लावण्याआधी नीट विचार करा. पान, फूल, परागकण, काहीही थोडंसं पोटात गेलं तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मांजर बाहेर फिरणारं असेल तर मी डेलिली लावणार नाही. आयरिसचा कंदही विषारी आहे. खणलेले कंद गराजमध्ये आलं-हळदीसारखे दिसत पडलेले असतात, ते लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. हरणं आयरिसला सहसा तोंड लावत नाहीत, डेलिलीच्या कळ्या मात्र एका रात्रीत साफ करतात. तुमच्या भागात हरणं असतील तर जूनमध्ये दांडे दिसताच फवारा किंवा जाळी हवी.

दर तीन-चार वर्षांनी आयरिस, आणि चार-सहा वर्षांनी डेलिली खणून वेगळी करावी लागते. ऑगस्टचा शेवट दोघांनाही चालतो, म्हणून चौथ्या वर्षी एकाच वीकेंडला अख्खा वाफा उघडणं मला सोयीचं वाटतं. डेलिलीच्या झुडपात दोन गार्डन फोर्क पाठीला पाठ लावून खुपसायचे आणि फोर्कचे दांडे बाहेर ओढायचे, गड्डा मधोमध फाटतो. तीन-चार फॅनचा तुकडा पुरेसा. आयरिसचे जुने, मधले कंद फेकायचे, कडेचे घट्ट आणि फॅन असलेले ठेवायचे, पाती सहा इंचांवर कापायची, कंद धुऊन, तपासून, सावलीत दिवसभर सुकवायचे. मग मागच्या ओळीत कंपोस्ट घालायचं आणि पुन्हा मधे दोन फूट सोडून लावायचं. जमीन गोठायच्या आधी दोघांनाही मूळ धरायला निदान सहा आठवडे मिळायला हवेत, म्हणून सप्टेंबरच्या मध्यापलीकडे हे काम ढकलू नये. उरलेले कंद वाटून टाका. आयरिस आणि डेलिली क्लबांचे स्वस्त विक्रीचे दिवसही जुलै-ऑगस्टमध्येच असतात, तिथे जातीचं नाव लिहिलेले कंद मिळतात आणि आपल्या भागात काय टिकतं हे सांगणारी माणसंही भेटतात.

नवीन वाफ्यात पहिल्या मेमध्ये आयरिसचे दोन-चारच दांडे आले तर खणून बघू नका. कंद मूळ धरत असतो, भरगच्च बहर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो. डेलिलीचंही तसंच. चौथ्या वर्षानंतर फुलं कमी झाली, तर मात्र फोर्क काढायची वेळ झाली.